खालून आलेलं उत्तर

ज्याच्यासोबत हे घडलं तो ऑर्विल टॅकेट आमचा शेजारी. फुशारक्या मारणाऱ्यांतला तो नाही. पकडलेला मासासुद्धा दोन बोटं लहान करून सांगतो. म्हणून त्याने सांगितलेला शब्द न् शब्द मी खरा मानतो. तुम्ही काय मानायचं ते तुमचं तुम्ही बघा.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. शनिवार, संध्याकाळचे पाच. अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरांत, धरणाच्या खाली तीन मैलांवरचा उथळ पट्टा.

धरणाच्या तळाचं गारठलेलं पाणी येतं म्हणून आमच्याकडे ट्राउट मासा टिकतो. दारं बंद असली की नदी गुडघाभर. वीज हवी झाली की दारं उघडतात आणि तीच नदी माणूस बुडेल एवढी होते.

धरणावर भोंगा वाजतो. पण तीन मैलांवर तो ऐकू येत नाही.

म्हणून आमची एक रीत आहे. पाण्यात उतरताना काठाशी, पाण्याच्या जरा वर, एक कोरडा दगड ठेवायचा. दगड भिजला की वरच्या माणसाने खालच्याला हाक द्यायची, "पाणीऽऽ!" खालच्याने म्हणायचं, "ऐकलं!"

ते उत्तर आल्याशिवाय वरच्याने नदी सोडायची नाही.

त्या दिवशी वर ऑर्विल होता. खाली, वळणाच्या पलीकडे, त्याचा एकुलता एक मुलगा वेंडेल.

"बाबा, सहाला सोडणार आहेत पाणी. फोन करून विचारलंय मी," वेंडेल उतरताना म्हणाला.

"फोनचं सोड. उकाडा बघ केवढा आहे. गावभर एसी लागले की धरणवाले घड्याळ बघत बसत नाहीत. माझ्या हाकेकडे कान ठेव."

"ठेवतो. तुमची हाक मेलेल्यालाही ऐकू जाईल."

ऑर्विल हसला नाही.

नऊ वर्षांपूर्वी याच वळणावर त्याचा मेहुणा लेलँड बुडाला होता. ऑर्विलच्या बहिणीचा, व्हर्नाचा नवरा. तेव्हाही वर ऑर्विलच होता. "मी हाक दिली, तो 'ऐकलं' म्हणाला, म्हणून मी बाहेर आलो," असं त्याने बहिणीला सांगितलं. व्हर्नाने ते मानलं. नऊ वर्षं दर रविवारी तिने भावाला आपल्या टेबलावर जेवू घातलं.

साडेपाचला धुकं उतरलं. गरम हवा आणि गार पाणी, तेव्हा धुकं धरतंच. पण हे फार दाट होतं. हातातल्या गळाच्या काठीचं टोक दिसेना.

मग ऑर्विलच्या लक्षात आलं...

बेडूक गप्प झाले होते.

तो काठाकडे सरकला. वाकून दगड शोधू लागला. दगड भिजला नव्हता...

पार बुडाला होता.

"पाणीऽऽ!"

काहीच नाही. मग खालून...

"ऐकलं!"

ऑर्विलचा जीव भांड्यात पडला. तो बाहेर आला आणि काठाकाठाने वळणापर्यंत गेला.

काठावर वेंडेलचा डबा होता. वेंडेल नव्हता.

"वेंडेल!"

"ऐकलं..." धुक्यातून आलं. आणि मग हसत, लांबवून, "ऐकलं, आजीबाई!"

ऑर्विल पाण्यात फार जपून वागतो म्हणून त्याला आजीबाई म्हणून चिडवणारा एकच माणूस होता. लेलँड.

"वेंडेल, कुठे आहेस?"

"ऐकलं, आजीबाई!" समोरून.

"बाळा, आवाज दे रे!"

"ऐकलं, आजीबाई!" आता डावीकडून. आता उजवीकडून.

पाणी चढत होतं. मुलगा त्या पांढऱ्यात कुठेतरी होता आणि प्रत्येक हाकेला उत्तर देत होता दुसराच. कोणत्या बाजूला शिरावं तेच कळेना. ऑर्विल चिखलात गुडघ्यांवर बसला. बासष्ट वर्षांचा माणूस लहान मुलासारखा रडू लागला.

"लेलँड," तो म्हणाला, "मी हाक दिलीच नव्हती रे. गळाला मासा होता. मोठा होता. दोरीचं रीळ गरगरत होतं. वाटलं, एवढा काढतो आणि मग ओरडतो. तू काहीच म्हणाला नव्हतास. ते मी रचलं. माझ्या पोराला सोड."

आवाज थांबला.

नुसतं पाणी.

आणि मग, अगदी जवळून, जेमतेम ऐकू येईल असं... "बाबा..."

वेंडेल पंधरा हातांवर होता. आडव्या पडलेल्या झाडाला धरून, छातीपर्यंतच्या रबरी विजारीत पाणी भरलेलं. ऑर्विल कमरेएवढ्या पाण्यात शिरला, हातातली गळाची काठी पुढे केली आणि त्याला ओढून काढलं. कसं, ते त्याला आजही सांगता येत नाही.

वेंडेलचे दात वाजत होते. "हाक का नाही दिलीत?"

"दिली रे. घसा बसेपर्यंत दिली."

"मला एकही ऐकू आली नाही. मला फक्त तुमच्या रिळाचा आवाज येत होता. सारखं गरगरत होतं. म्हटलं, बाबांना मोठा मासा लागलाय. ते थांबलेत, तर आपणही थांबू."

ऑर्विलला त्या दिवशी एकही मासा लागला नव्हता.

मागे काटकी मोडली. व्हर्ना उभी होती. तिचं घर धरणाला लागूनच. दोघे नदीत आहेत हे तिला ठाऊक होतं, भोंगा वेळेआधी वाजला म्हणून ती गाडी काढून धावत आली होती. हातात घोंगडी होती.

"कधी आलीस?" ऑर्विलने विचारलं.

तिने घोंगडी वेंडेलच्या खांद्यांवर टाकली. गळ्यापर्यंत नीट गुंडाळली. मग भावाकडे न बघता म्हणाली,

"ऐकलं."

त्यानंतर एकाही रविवारी तिच्या टेबलावर ऑर्विलची जागा मांडली गेलेली नाही.

आता त्या वळणावर आम्ही नुसतं 'ऐकलं' म्हणत नाही. पुढे आपलं नावही सांगतो. गेल्या ऑक्टोबरात मी तिथे एकटाच होतो. दगड भिजला आणि सवयीने माझ्या तोंडून हाक गेली.

उत्तर आलं...

नाव आलं नाही.

मी गळ तिथेच टाकून वर आलो. तो आणायला अजून गेलेलो नाही.