व्यक्ती २

सोमवारी दहाला पाच कमी असताना कात्रीबाई नेहमीप्रमाणे स्टुडिओत आल्या, डबा कपाटात ठेवला, संगणक सुरू केला आणि समोर उघडलेला पडदा बघून क्षणभर दुसऱ्याच्याच टेबलाशी बसल्यासारख्या बसून राहिल्या.

स्टुडिओ म्हणजे अंधांच्या ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मध्ये जाड काच. काचेपलीकडे वाचकाने पुस्तक वाचायचं, अलीकडे बाईंनी ते ध्वनिमुद्रित करायचं आणि मग त्यातले खोकले, चुका, पानांची सळसळ कापून टाकायची. नऊ वर्षं हेच काम, म्हणून नाव पडलं कात्रीबाई. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

सुट्टीच्या दोन दिवसांत व्यवस्थापकांनी ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवून घेतली होती. जुनी बाईंच्या हाडीमासी खिळलेली. काय कुठे आहे ते बघावं लागत नसे, बोटं आपली आपण जात. आता सगळं करड्यावर करडं. कापायचं बटण होतं तिथे भलतंच काही, आणि केलेलं काम जतन कुठे करायचं हे शोधण्यातच पहिली दहा मिनिटं गेली.

"होईल सवय," व्यवस्थापक दारातूनच म्हणाले. "नवी चप्पलसुद्धा आधी चावतेच की."

"चप्पल घेताना पायाला विचारतात तरी," बाई म्हणाल्या.

दोन दिवसांत त्यांनी नव्या बटणांची चिठ्ठी लिहून पडद्याच्या कडेला चिकटवली. तरी बोटं ऐकेनात. बुधवारी दुपारी फलाटकाकांचं नववं प्रकरण साफ करताना हात सवयीने जुन्या जागी गेला. कापण्याऐवजी पडद्यावर एक पट्टी सरकू लागली: 'आवाज वेगळे करत आहे…'

फलाटकाकांनी तीस वर्षं रेल्वेच्या फलाटांवर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. निवृत्त झाल्यापासून बारा वर्षं ते इथे वाचत. वय बहात्तर, आवाज मात्र स्वच्छ घासलेल्या तांब्यासारखा. सध्या एका दर्यावर्दीचं सातशे पानी आत्मचरित्र चाललं होतं.

पट्टी थांबली. एका आवाजाच्या जागी दोन रेघा आल्या. जाड रेघेवर लिहिलं होतं 'व्यक्ती १'. खालच्या बारीक, केसासारख्या रेघेवर 'व्यक्ती २'.

नव्या आवृत्तीचा खुळेपणा, असं म्हणत बाईंनी वरचा आवाज बंद केला आणि खालचा वाढवला.

कुणीतरी कुजबुजत होतं. बाई की बुवा, कळण्यासारखं नव्हतं. सपाट, कोरडं, कुठलाच भाव नसलेलं. "गलबत वळवलं तेव्हा वारा पडला होता…" बाईंनी दोन्ही आवाज एकत्र लावले. कुजबूज झाली, आणि अर्ध्या सेकंदाने काकांचा भरदार आवाज आला: "गलबत वळवलं तेव्हा वारा पडला होता."

प्रतिध्वनी असेल, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. पण प्रतिध्वनी नंतर येतो. हा आधी येत होता.

संध्याकाळपर्यंत त्यांनी मागची प्रकरणं तपासली, मग मागची पुस्तकं. दोन वर्षांपूर्वीच्या पुस्तकापर्यंत पोचल्या, तिथवर तेच. तेवढ्यात त्यांना एक गोष्ट आठवली आणि त्या जरा ताठ बसल्या. काकांच्या पानांची सळसळ गेली दोन वर्षं भलत्याच ठिकाणी येत असे, वाक्याच्या ऐन मध्ये. त्यांनी ती निमूटपणे कापली होती. काकांचं वय झालं, एवढंच मनाशी म्हणून.

दुसऱ्या दिवशी काका यायच्या आत बाईंनी एक खडा टाकून पाहायचं ठरवलं. वाचायच्या घोडीवरचं आत्मचरित्र उचललं आणि तेवढ्याच जाडीचं बागकामाचं पुस्तक उघडून ठेवलं.

काका भिंतीला हात लावत आले. बसले, हेडफोन चढवला, पान बोटांनी सारखं केलं. लाल दिवा लागला. आणि गुलाबाच्या कलमांचं चित्र समोर ठेवून त्यांनी दहावं प्रकरण वाचायला सुरुवात केली. वादळ, फाटलेलं शीड, पाण्यात पडलेला खलाशी. मध्येच त्यांनी पान उलटलं. पलीकडे खतांचा तक्ता होता.

बाईंनी मुद्रण थांबवलं आणि दार उघडून आत गेल्या.

"काका, समोर कोणतं पुस्तक आहे?"

काकांचा हात पानावरच राहिला.

"कळलं म्हणायचं तुला," ते म्हणाले. "गेले डोळे. दोन वर्षं झाली. उजेड कळतो, माणूस आलं-गेलं कळतं. अक्षर नाही कळत. घरी सुनेलाही सांगितलेलं नाही. सांगितलं तर इथे येणं बंद. मग दिवसभर करायचं काय, भिंत बघायची? तीही धड दिसत नाही."

"मग वाचता कसे?"

काका हसले. "आता तेही माझ्याच तोंडून वदवून घेणार? तू हेडफोनमध्ये सांगतेस, मी म्हणतो. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, म्हणून मीही विषय काढला नाही. पण रोज जिना उतरताना मनातल्या मनात तुला हात जोडतो, हो."

बाईंनी काचेतून आपल्या टेबलाकडे पाहिलं. संगणक, चिठ्ठी, पाण्याची बाटली. त्यांच्या बाजूला माईक नव्हता. कधीच नव्हता. काही सांगायचं असलं की त्या उठून दार उघडत, आत्ता उघडलं होतं तसं. काकांच्या हेडफोनमध्ये काकांच्या स्वतःच्या आवाजाखेरीज काही जाण्याची सोयच नव्हती.

"तूच ना…?" काकांनी विचारलं. त्यांनी मान वर केली होती, पण चेहरा बाईंकडे नव्हता, थोडा बाजूला होता.

पुस्तकाची बारा प्रकरणं बाकी होती.

"मीच," बाई म्हणाल्या. "दुसरं कोण असणार."

काकांनी सुटकेचा श्वास सोडला. "मग जरा दमाने सांगत जा. हल्ली फार पुढे पळतेस."

त्या दिवसापासून बाईंनी काही विचारलं नाही आणि कुणाला काही सांगितलंही नाही. काका वाचत असताना त्या दोन्ही हात टेबलावर उघडे ठेवून, ओठ घट्ट मिटून बसत. आपण बोलत नाही, याला निदान आपण तरी साक्षीदार असावं म्हणून. संध्याकाळी आवाज वेगळे करून दोन रेघांमधलं अंतर मोजत. अकराव्या प्रकरणात एक सेकंद. पंधराव्यात दोन. विसाव्यात जवळजवळ चार. काका एकदाही चुकले नाहीत, पण आता त्यांना एक वाक्य म्हणत असताना पुढचं ऐकून धरून ठेवावं लागे. कपाळावर घाम येई. खोलीतला पंखा आवाज नको म्हणून बंदच असायचा.

सहाव्या आठवड्यात शुक्रवारी पुस्तक संपलं.

"आता पुरे गं," जिन्याशी काका म्हणाले. "तुझ्या चालीने चालणं झेपत नाही मला आता. राग मानू नकोस."

बाईंनी त्यांना पायऱ्या मोजून खाली सोडलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी घरी डोळ्यांचं सांगून टाकल्याचं सुनेच्या फोनवरून कळलं. बाईंना बरं वाटलं. प्रकरण एकदाचं मिटलं, असं वाटलं.

पण महिनाअखेरीला व्यवस्थापक येऊन त्यांच्या खुर्चीमागे उभे राहिले. "बाई, काकांच्या सगळ्या फाइलींत ही 'व्यक्ती २' कोण?"

"मी. त्यांना ओळी सांगत होते."

"सांगायचंत तरी! फाइल बाहेर देताना आवाज एकच हवा. तुमच्या आवाजाची नोंद करा. एक मिनिट काहीतरी वाचा, प्रोग्राम जुळवून बघेल आणि सगळीकडून तुम्हाला काढून टाकेल. नव्या आवृत्तीत ही सोय फार छान आहे."

आवाज जुळणार नव्हताच. 'जुळत नाही' असं येईल, मग आपण एकेक फाइल हाताने साफ करू, असा बाईंनी हिशेब केला. काचेपलीकडे त्या पहिल्यांदाच बसल्या. ग्रंथालयाची नियमावली मिनिटभर वाचली. परत येऊन नावाच्या चौकटीत, फार विचार न करता, 'मी' असं टाकलं.

प्रोग्राम वीस मिनिटं चालला. बाई डबा खाऊन आल्या.

पडद्यावर लिहिलं होतं: '४१८ फाइलींमध्ये मी सापडली. सर्व काढून टाकू?'

त्यांनी 'नाही' दाबलं. यादी खाली खाली सरकवत नेली. व्यक्ती २ आता कुठेच नव्हती. जिथे तिथे 'मी', 'मी', 'मी'. दोन वर्षांपूर्वीच्या फाइली गेल्या, पाच वर्षांपूर्वीच्या गेल्या. नऊ वर्षांच्या मागे यादी थांबायला हवी होती. थांबली नाही. सगळ्यात तळाची फाइल बारा वर्षांपूर्वीची होती, काकांचं इथलं पहिलं पुस्तक. तेव्हा बाई दुसऱ्या गावी छापखान्यात मुद्रितं तपासत होत्या. या इमारतीचा जिनाही त्यांनी पाहिलेला नव्हता.

बाईंनी हेडफोन चढवला.

काकांचा आवाज आताहून तरणा होता. कुजबूज त्यांच्या मागून येत होती. चांगले पाच-सहा सेकंद उशिरा, अडखळत, नवीन भाषा शिकणाऱ्या माणसासारखी एकेक शब्द चाचपत. पण अर्ध्या तासात ती काकांच्या बरीच जवळ आली होती.

प्रकरण संपलं. पुस्तक मिटल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली. मग ती कुजबूज, या वेळी कुणाच्याही मागून नाही.

"आता… मी पुढे होऊ का?"

आणि ओळखीचं कुणी दारात उभं असावं, अशा सहज सुरात काका म्हणाले, "हं… हो की."