धाकटी जळजळ

"खोकता येतं का तुम्हाला?"

त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नोकरीचा माझा पहिलाच आठवडा होता. मांडीवर औषधांची बॅग, पायात चावणारे नवे बूट... आणि मी डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत एका रिकाम्या खुर्चीवर ऐसपैस बसले होते. तो समोरच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या शेजारी तशाच बॅगा घेतलेली आणखी माणसं मुकाट्याने उभी होती.

मी विचारलं, "का?"

"खुर्च्या पेशंटसाठी आहेत, मॅडम. आपण कंपन्यांची माणसं, आपण उभं राहायचं. बसायचंच असेल तर... अधूनमधून खोकत राहा."

मी ताडकन उठले. गाल नुसते तापले होते. त्याने सरकून भिंतीशी मला जागा करून दिली. ती जागा नेमकी पंख्याखाली होती आणि तो स्वतः उन्हाच्या तिरिपेत गेला होता. ते मी पाहिलं... आणि मी पाहिल्याचं त्यालाही कळलं.

दाराशी बसणाऱ्या मावशींना आमची नावं लक्षात ठेवायचा कंटाळा. जो जे विकेल ते त्याचं नाव. कुणी खोकला, कुणी गुडघा. तो पित्ताची गोळी विकायचा, म्हणून जळजळ. माझं नशीब असं, की माझीही कंपनी त्याच दुखण्याची गोळी विकत होती. मग तो झाला थोरली जळजळ आणि मी धाकटी.

कंपनीच्या लेखी आम्ही हाडवैरी. माझ्या साहेबांनी बजावलंच होतं, त्या कंपनीच्या माणसाच्या सावलीलाही उभं राहायचं नाही. आणि हा वैरी मला सांगायचा, की कुठले डॉक्टर चहाआधी भेटले तर अंगावर येतात आणि कुठला औषधवाला दुपारी शटर ओढून झोपतो. दिवसभर उन्हातान्हात फिरणाऱ्या बाईची खरी अडचण काय असते, हेसुद्धा त्याने न विचारता ओळखलं. एकदा दुसरीकडेच बघत म्हणाला, "कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानातल्या ताई फार भल्या आहेत. पाणी मागायच्या निमित्ताने जा. बाकीचं त्या समजून घेतात." इतकी काळजी माझी तोवर आईशिवाय कुणी घेतली नव्हती.

बाकी नोकरी म्हणजे नुसता जाच. प्रत्येक दवाखान्याच्या दारात उभं राहून फोटो पाठवायचा. ज्याची विक्री कमी, त्याचं नाव कंपनीच्या ग्रुपवर लाल अक्षरांत. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सुट्टी मागितली, तर साहेब म्हणाले, "डोळे आईचे आहेत ना? तुझे तर शाबूत आहेत." साहेबांना त्यांचे साहेब असेच झापायचे म्हणे. वरचं पाणी खालीच येणार.

आणि इतकं सोसून पुढे काय, तर तो स्वतःच सांगायचा, "नऊ वर्षं झाली. बढती मिळाली की कार्डावरची अक्षरं वाढतात. बॅग तीच, जिना तोच." हसून सांगायचा, पण मला हसू यायचं नाही.

तरी मला ती नोकरी हवी होती. आईने शिवणकाम करून मला शिकवलं होतं आणि आता तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. घरात मिळवती मी एकटी. नोकरीत कायम झाले की जिंकलं, असं आम्ही दोघी एकमेकींना सांगायचो. साहेबांनी त्यासाठी दिवस ठरवला. ते माझ्याबरोबर फिरणार, मी डॉक्टरांसमोर कशी बोलते ते बघणार आणि मग काय तो निकाल.

मावशी ज्यांच्या दाराशी बसायच्या, ते डॉक्टर वेळ वाचवायला सगळ्या कंपनीवाल्यांना एकदमच आत घ्यायचे. एकेकाने पुढे होऊन आपलं बोलायचं. त्यामुळे दर आठवड्याला आधी त्याचं बोलणं मी ऐकायची आणि मग माझं म्हणायची. त्या दिवशी मात्र साहेब बरोबर होते म्हणून मावशींनी मलाच पहिलं पुढे केलं. साहेब पाठीशी उभे. मी फाइल उघडली आणि तोंड उघडलं...

"डॉक्टर, सकाळी उपाशीपोटी एक. मग दिवसभर पेशंटला आपल्याला पोट आहे, याचीच आठवण राहत नाही."

कसं छान सुरू झालं होतं. मी कुठेही अडखळले नाही. मध्ये थांबायचं तिथे थांबले, पेनाने चित्र दाखवलं, शेवटी किंचित हसले आणि ठणठणीत आवाजात गोळीचं नाव घेतलं.

त्याच्या गोळीचं.

अख्खं बोलणं त्याचं होतं, शब्दन् शब्द. तो थांबायचा तिथेच मी थांबले होते आणि त्याच्यासारखीच हसलेही होते. मग डॉक्टरच डोळे पुसत हसू लागले. "अहो, यांना कमिशन द्या," ते त्याला म्हणाले. दारातून मावशी पुटपुटल्या, "लग्नाआधीच नाव घेतलं पोरीने." मी खाली मान घातली, ती वर करायची हिंमत होईना.

बाहेर आल्यावर सगळ्यांदेखत साहेबांनी मला सोलून काढलं. शेवटी म्हणाले, फोनवर व्हिडिओ कर. मी नालायक आहे, माझं कामात लक्ष नाही, असं स्वतःच्या तोंडाने बोल आणि ग्रुपवर टाक. मग कायम करायचं की नाही ते बघू. इतकं बोलून ते खाली गाडीत जाऊन बसले.

मी जिन्यात उभी राहून फोन समोर धरला. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि बोलायलाही लागले, "मी ना..." पुढचा शब्द निघेना. तेवढ्यात तो आला. एक पायरी सोडून खालीच थांबला.

"व्हिडिओ करायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी त्यासाठी नाही आलो. मला तुमचे आभार मानायचेत."

"माझे? चेष्टा करताय?"

"नऊ वर्षं मी ते बोलतोय. डॉक्टर फोनमध्ये बघत असतात, नाहीतर घड्याळात. माझं बोलणं कुणी शेवटपर्यंत ऐकलं असेल, असं मला कधी वाटलंच नाही. आणि तुम्ही... मी थांबतो कुठे, तेसुद्धा..." त्याचे डोळे भरून आले होते.

मी फोन पर्समध्ये टाकला. खाली गेले आणि गाडीच्या काचेवर टकटक करून साहेबांना सांगितलं, की चूक झाली ती कबूल आहे, पण मी नालायक नाही आणि तसं म्हणणारही नाही. बॅग त्यांच्या शेजारच्या सीटवर ठेवली. पुढे महिनाभराने चष्म्याच्या दुकानातल्या त्याच ताईंनी मला कामावर घेतलं. पगार कमी, पण आवाज चढवून कुणी बोलत नाही. आई तर त्या संध्याकाळीच म्हणाली होती, "बरं झालं. रोज रडून यायचीस, मला तेवढं दिसत होतं." पण गाडीपासून वळले तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. फक्त छाती हलकी झाली होती.

तो खाली जिन्याच्या दाराशी येऊन उभा होता. पंख्याखालची जागा, चष्म्याच्या ताई, सगळं एकदम दाटून आलं.

"आभार मीच मानायला हवेत," मी म्हटलं. "पण तुमचं कंपनीने छापून दिलेलं सगळं मला पाठ झालंय. छापलेलं नाही असं काही सांगा ना... एक तरी वाक्य."

त्याने बॅग या हातातून त्या हातात घेतली. डॉक्टरांपुढे घडाघडा बोलणारा माणूस... कानापर्यंत लाल झाला होता.

"उद्यापासून तू भिंतीशी नसशील," तो म्हणाला. पहिल्यांदाच तू म्हणाला. "तर मी तिथे... कशाला उभा राहू, ते मला कळत नाहीये."

मी त्याच्या हातातली बॅग घेतली आणि पायरीवर ठेवली.

"ये, बस," मी म्हटलं. "आणि सांग पुढे. मी ऐकतेय."