खालून तीन ठोके

हे आमच्या शेजारच्या कोंडिबाच्या बाबतीत घडलं. साल एकोणसाठ, वैशाख वद्य बारस. कंदिलाची वात बारीक करा, आणि मधी कुणी बोलू नका.

कोंडिबा कोळशाच्या ठेकेदाराची जीप चालवायचा. मिलिट्रीच्या लिलावातली जुनी जीप. रंग उडालेला, पण चढाला बकरीसारखी. मुळशीच्या रानात तेव्हा कोळशाच्या भट्ट्या लागायच्या, आणि पाऊस तोंडावर आला की भट्टीवरची कातकरी माणसं घाट उतरून कोकणात घरी जायची. त्या दिवशी कोंडिबा पौडाहून ग्रीसचा डबा घेऊन आला, तर ठेकेदार जयसिंगराव अंगणातच उभे.

“उद्या झुंजूमुंजू व्हायच्या आत बायापोरं खाली सोडायची. आभाळ धरलंय.”

“मालक, डाव्या अंगाचं चाक वळंना झालंय. सांधा सुकलाय.”

“मग ग्रीस मार की! डबा काय पूजेला आणलास व्हय?”

“एकट्याचं काम न्हाई त्ये. एकानं खाली निजायचं, एकानं वर बसून हातातलं चाक फिरवायचं.”

“मग मोहिद्दीनला सांगावा धाड,” जयसिंगराव म्हणाले. गडी फिदीफिदी हसले. कोंडिबा हसला नाही.

मोहिद्दीन फिटर माघातच गेला होता. तापानं. माणूस दौंडाकडचा, पण सहा वर्षं त्या जीपखाली निजला. आत शिरला की त्याचे पायच तेवढे दिसायचे. इंजिनाच्या आडून बोललेलं वर नीट कळायचं नाही, म्हणून पान्यानं लोखंडावर ठोकायचा. एक ठोका, डावीकडं फिरव. दोन, उजवीकडं. तीन म्हणजे झालं, उतर खाली, चहा टाक. ग्रीस आत जायला सांध्याला बारीक तोंड असतं. त्यात माती बसली की मोहिद्दीन टोपीत खोचलेला बाभळीचा काटा काढायचा, तोंड मोकळं करायचा आणि काटा परत टोपीत. आपल्या रानात बाभूळ नाही, अन् करवंदीचा काटा आतच मोडतो. म्हणून हा गावाकडनं पुडी भरून काटे आणायचा. तो गेल्यावर त्याची टोपी, पुडी, सगळं त्याची बहीण हसिना घेऊन गेली.

तो गेला तेव्हा कोंडिबा जीप घेऊन पुण्याला. परत आला तर कबरीवरची मातीसुद्धा वाळलेली. कोंडिबाला ना बायको, ना पोर. दिवसातून चार शब्द बोलायला होता तो एकच.

रात्री जेवण उरकून कोंडिबा छपरीत गेला. जीप लावायची धरणाच्या पाण्याकाठची छपरी, हाक मारली तर ओ द्यायला कुणी नाही. त्यानं जीपचं तोंड उचलून खाली ओंडके लावले, कंदील ठेवला, ग्रीसची पिचकारी भरली. कमानपाट्यांचे सांधे झाले. उजवं चाक झालं. खाली निजायचं, दाबायचं, बाहेर यायचं, वर चढून चाक फिरवायचं, परत खाली. कंबर मोडली बिचाऱ्याची.

राहिला डाव्या चाकाचा सांधा. चार महिने तो तसाच सोडत आला होता. तोंडात मातीचा दगड झालेला. तार घातली, वाकली. करवंदीचा काटा घातला, मोडला. पिचकारी दाबली तर ग्रीस उलटं तोंडावर आलं.

त्याच्या डोळ्यांपुढं घाटातलं तिसरं वळण आलं. डावीकडं डोंगर, उजवीकडं नुसती दरी. तिथं चाक डावं वळलं नाही तर... आणि गाडीत भट्टीवरची गोजराबाई बसायची होती, पंधरा दिवसांची बाळंतीण, पदराखाली पोर.

तो वर जाऊन बसला. हात चाकावर, मान खाली.

“जमंना रं, मोहिद्दीन,” तो म्हणाला. असंच. स्वतःशी.

पाणी काठाला चुबुक चुबुक करत होतं. तेही थांबलं.

टण्ण.

एक ठोका. खालून.

कोंडिबाचा हात आपोआप डावीकडं गेला. सहा वर्षांची सवय. चाक करकरलं... अडलं.

टण्ण. टण्ण.

उजवीकडं.

मग खाली काहीतरी बारीक खरवडल्याचा आवाज. पिचकारीची चुईं... चुईं... पण पिचकारी? ती शेजारच्या सीटवर पडली होती. त्याला दिसत होती.

टण्ण. डावीकडं.

चाक लोण्यासारखं फिरलं.

कोंडिबानं खाली बघितलं नाही. बघवलं नाही. कंदील जळत होता. वारा नव्हता.

टण्ण. टण्ण. टण्ण.

झालं.

मग कोंडिबा चाक न सोडता म्हणाला, “मोहिद्दीन... मी पुण्याला होतो रं. मला कुणी सांगितलंच न्हाई...”

काही नाही.

“च्या... टाकू?”

नुसतं पाणी, परत चुबुक चुबुक.

पहाट होईपर्यंत तो तिथंच बसून राहिला. डोक्यावर टोपी, हात चाकावर.

मग ओंडके काढले, बायापोरं बसली आणि जीप निघाली. तिसऱ्या वळणावर ढग खाली आलेले, रस्ता वीतभर दिसेना. कोंडिबानं देवाचं नाव घेतलं आणि चाक डावीकडं टाकलं. एका हातानं वळलं. तो म्हणायचा, नव्या गाडीचं वळणार नाही असं.

खाली पोचल्यावर सगळी उतरली. गोजराबाई पोराला सावरत पुढं आली, त्याच्याकडं बघून हसली.

“दादा, टोपीत काय खोचलंय?”

“कुटं?”

“ह्ये काय, कानामागं.”

कोंडिबानं टोपी काढली.

बोटाएवढा पांढराशुभ्र बाभळीचा काटा. टोकाला काळं ग्रीस, अजून ओलं.