मोकळ्या वाटेची खूण

माझ्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. मीच तेवढा अजून पाहुण्यांना होडीतून गुहेत नेत होतो. म्हणून त्या दिवशी पुढची होडी जावयाला दिली. सिरिलोनं फेरी नीट पार पाडली की वल्हं त्याच्या स्वाधीन आणि मी अंगणातल्या झुल्यात, कायमचा. मुलीशी, एलोदियाशी, तसं ठरलंच होतं.

कॅनडाचं एक जोडपं आलं होतं. नवरा सिरिलोच्या होडीत, बायको माझ्या. गुहेच्या तोंडाशी मी नेहमीचं सांगितलं: आत ओरडायचं नाही, वटवाघळं बिथरतात. पुढचा नावाडी हातानं खूण करतो. चार बोटं उभी, अंगठा तळव्यात मिटलेला, म्हणजे वाट मोकळी, या.

"अंगठा का मिटायचा?" बाईंनी विचारलं.

"आत ताता दुएंदे राहतो, रानातला राखणदार. बुटका आहे, पीस खोवलेली मोठी टोपी घालतो. त्याला अंगठे नाहीत. दुसऱ्याचे दिसले की हवेसे वाटतात."

सिरिलो बेलीझ सिटीचा, शहरी माणूस. "सासरेबुवा, या गोष्टीनं बक्षिसी वाढते का हो?"

"टोपीतलं पीस तेवढं माझं, जावईबापू. अंगठे माझ्या आजोबांच्या आधीपासून नाहीत."

आत शिरलो. मागचा उजेड बोराएवढा झाला. छतावरून गार थेंब मानेवर पडत होते, पाण्यात टपटपत होते. दिव्याच्या झोतात कपारीतली जुनी मडकी दिसली, चुन्यानं दगडाला चिकटलेली. प्रत्येक वल्ह्यासरशी माझे खांदे कुरकुरत होते. ही शेवटची फेरी, मी त्यांना समजावत होतो.

पुढे छत इतकं खाली येतं की होडीत आडवं व्हावं लागतं. सिरिलो पलीकडे गेला, वळला आणि त्यानं हात वर केला.

अंगठा. शहरात करतात तसा, ताठ.

मी चार बोटं उभी धरून अंगठा तळव्यात मिटून दाखवला. तो हसला आणि त्यानं दुसराही अंगठा वर केला.

थेंब थांबले. सगळीकडचे, एकदम.

"किती छान शांतता," बाई कुजबुजल्या.

मग पाण्यात काहीतरी पडलं. सिरिलोचं वल्हं. मी आडवा होऊन पलीकडे गेलो, ते उचलून दिलं. पुन्हा पडलं.

"हात ओले आहेत हो."

"गुहेत कोणाचे कोरडे असतात?"

तो तळव्यांत वल्हं दाबून धरायला बघत होता, लहान मूल पेला धरतं तसं. शेवटी मी त्याची होडी माझ्या होडीला बांधली आणि ओढत बाहेर आणली.

उन्हात त्याचे हात उलटेपालटे करून पाहिले. दोन्ही अंगठे जागच्या जागी, नखांसकट. पण लाइफ जाकिटाचा पट्टा त्याला सोडवता येईना.

डॉक्टर म्हणतात, नस न् नस शाबूत आहे. एलोदिया रोज सकाळी त्याच्या शर्टाची बटणं लावते. त्याला आता विनोद सुचत नाहीत. झुल्यात तोच बसतो.

म्हणजे वल्हं पुन्हा माझ्याकडेच आलं. पुढच्या होडीत मी. माझ्यापुढे कोणीच नसतं.

परवा खालच्या छताशी आलो. आडवं होण्याआधी पलीकडे दिवा टाकला.

अंधारातून एक लहानसा हात वर आला. वाट मोकळी, या.

अंगठा ताठ होता. त्या हाताच्या मानानं जरा मोठा.