आबांचा चोरटा श्वास

आमच्या घरात एक कोडं होतं. आबा एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणायला लागले की थांबायचं नाव घेत नसत. आणि तेच आबा जिना चढताना मध्येच पायरीवर बसून घ्यायचे.

आबा म्हणजे माझे आजोबा, आम्हा मुलींच्या कबड्डी संघाचे गुरुजी. छातीतली गाठ काढायला त्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यानं घरी पाठवताना सोबत फुंकर नावाचा रोबोट दिला. घागरीएवढा, आणि स्वभावानं भलताच सज्जन. नळीत फुंकायची तपासणी आबांनी पहिल्याच दिवशी धुडकावली. "मी काय पिपाणी वाजवायला जन्माला आलोय? माझा दम कबड्डीत मोज!"

बिचारा फुंकर कबूल झाला. रोज सकाळी जाहीर करायचा, "आबासाहेब, दम उत्तम!"

"मग? संघाच्या डोंगरावरच्या शिबिराला मी येणारच," आबा मिशीला पीळ देत म्हणायचे. आबांशिवाय शिबीर मला नकोच होतं. पण जिन्यातले आबा आठवले की त्यांनी येऊच नये असं वाटायचं.

एका सकाळी मी मुद्दाम त्यांच्या समोर बसले. मी चढाई करणारी पोर. समोरच्याची नजर, खांदा, सगळं टिपायची मला सवय. "कबड्डी कबड्डी कब..." आणि आबांची नाकपुडी हळूच फुलली!

"आबा! दम चोरताय!"

दम चोरणं म्हणजे तोंडानं शब्द चालू ठेवून मध्येच गुपचूप हवा आत ओढणं. ही लबाडी आम्ही केली की आबा आम्हाला मैदानाला फेऱ्या मारायला लावतात.

आबांचा चेहरा उतरला. "तेजल, खरं कळलं तर ही दवाखान्याची माणसं मला घरात बसवतील गं. मैदान सुटलं तर माझ्याकडं उरतंय काय?"

मला रडूच फुटलं. "आणि तुम्हाला काही झालं तर आम्ही मैदान घेऊन काय करू?"

आबांनी फुंकरला जवळ ओढलं. त्यांनी नळी उचलली आणि फुंकली. फुंकरचा हिरवा दिवा पिवळा झाला. तपासणीचा निकाल त्यानं दवाखान्यातल्या डॉक्टरांना कळवला आणि भिंतीवर एक चित्र उमटवलं.

"हे वायुकोश (फुप्फुसातले हवेचे चिमुकले फुगे)," तो सांगू लागला. "ऑपरेशननंतर इथे सूज आली. ती निस्तरायला दुरुस्ती करणाऱ्या पेशी धावल्या. त्या कोलॅजन (शरीर सांधणारा चिवट धागा) तयार करतात. काम झालं की त्यांनी थांबायचं असतं. काही जणांच्या शरीरात मात्र त्या थांबत नाहीत. धागे साचत जातात, फुगे ताठ होतात. याला फायब्रोसिस (फुप्फुसात व्रणाचे तंतू साचणे) म्हणतात. ताठ फुग्यात हवा कमी मावते, आणि जाड भिंतीतून प्राणवायू रक्तात जायलाही अडचण होते."

"म्हणजे आमची हातात हात धरलेली साखळी!" मी ओरडले. "चढाईवाला पकडला, पंचांची शिट्टी झाली, तरी हात सोडतच नाहीत!"

"अगदी तसंच. या पेशींना शिट्टी ऐकूच आली नाही."

"मग वाजव की बाबा तू!" आबा म्हणाले.

फुंकर म्हणाला, "घट्ट झालेला व्रण मला उकलता येत नाही. नवा मात्र थांबवता येतो. एक औषधी वाफ आहे. ती ओढली की पेशींना 'आता पुरे' असा निरोप पोचतो. पण त्यासाठी खरा दम कळायला हवा होता, आबासाहेब."

त्या दिवसापासून आबा वाफ घेऊ लागले, फुंकर शिकवेल तसे खोल श्वासही घेऊ लागले. नळीतला आकडा आधी घसरायचा थांबला, मग इवलासा वर सरकला. डॉक्टरांनी शिबिराला परवानगी दिली, पण डोंगर चढायचा तो गाडीतून. घरभर नुसता आनंद!

शिबिरात पोरींनी आग्रह केला म्हणून आबा चालत चालत एका चढाईला निघाले. मी डोळे लावून नाकपुडीकडे बघत होते. थोडं पुढे गेले, आणि आवाज तुटला. आबांनी स्वतःच हात वर केला.

"दम गेला! मी बाद!"

अख्खं मैदान टाळ्या पिटत होतं. आबा हसत रेषेबाहेर जाऊन बसले.

पुढची चढाई माझी. एकीला पायानं शिवले आणि सुसाट परत आले. समोरचा गडी बाद झाला की आपला बाद गडी जिवंत होतो, हा तर कबड्डीचा नियमच.

"उठा आबा," मी हाक मारली, "जिवंत झालात!"

आबांनी मावेल तेवढा श्वास छातीत भरून घेतला आणि ते मैदानात आले.