एल्डरवेलचा बारावा थांबा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी हे कुणाला सांगत नाही, आणि सांगितलं तरी हळू आवाजात. हल्ली माझाच आवाज जरा मोठा झाला की मला दचकायला होतं.

मी विभावरी. पुण्यात होते तेव्हा रेडिओवर निवेदनं करायची. लग्नानंतर दुबईला आले, आणि आता डिस्कव्हरी गार्डन्समधलं घर सांभाळून अधूनमधून आवाजाची कामं घेते. जुमेरा लेक टॉवर्समध्ये मोईन परकार म्हणून रत्नागिरीकडचा एक जण आहे. तो पर्यटकांसाठी फोनवरचे गाइड बनवतो. कानात इयरफोन घालून गावातून चालायचं आणि आवाज सांगेल तसं वळायचं, थांबायचं, बघायचं. गेल्या सप्टेंबरात त्याचा फोन आला. "ताई, इंग्लंडमधलं एक खेडं आहे. मराठी ग्रुप जातात आता तिकडे. दुपारभराचं काम."

गेले. बाहेर डांबर वितळेल असं ऊन, आणि स्टुडिओत एसीची हाडं गोठवणारी थंडी. गावाचं नाव एल्डरवेल. चारशे वस्तीचं गाव. मी ते कधी पाहिलं नव्हतं, पण कागद चाळता चाळताच दिसायला लागलं. एका बाजूला कललेला चर्चचा मनोरा. दगडी पूल, त्याच्यावर बैलगाडीच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या. दोनशे वर्षं न विझलेली बेकरीची भट्टी. मेंढ्यांचा बाजार भरायचा ती हिरवळ, आणि वाकूनच आत शिरावं लागेल असा दारूचा गुत्ता. एकूण अकरा थांबे.

"माइकवर आवाजाची लेव्हल बघायची आहे, काहीही वाचा," मोईन काचेपलीकडून म्हणाला.

गठ्ठ्यात सगळ्यात वर एक पान होतं, ते वाचलं. गावकऱ्यांच्या मूळ मजकुरातला तो बारावा थांबा होता. मोईनने त्याच्यावर लाल काट मारली होती. चर्चच्या मागे पाणचक्कीचं तळं आहे, त्याच्या काठी एक बुटका दगड. दगडावर एवढंच कोरलंय : आया. कॅप्टनसाहेबांच्या घरची नोकर. तिच्या हाती सोपवलेल्या मुलीसह इथे बुडाली. १८७१. खाली गावकऱ्यांची टीप होती, की ही बाई मुंबई इलाख्यातून, कोकण किनाऱ्यावरून आणलेली होती.

"नाव नाही का रे हिचं?" मी विचारलं.

"नाही ना. आणि लोक हॉलिडेला जातात ताई, मौत-वौत कशाला ऐकवायची? म्हणून काढलं. यल्ला, चला, पहिला थांबा घेऊ."

माइक चालूच होता. का ते मला आजही सांगता येत नाही, पण त्या बाईची फार दया आली. एवढ्या लांब आणली, आणि दगडावर नावसुद्धा नाही. मी माइकजवळ वाकून हळूच म्हटलं, "काय गं बाई, नाव काय होतं तुझं?"

मोईनने कानावरचे हेडफोन झटक्यात उतरवले.

"आत्ता काही बोललात?"

"तिचं नाव विचारलं, सहज."

"ते ऐकलं. त्याच्यानंतर..."

"नाही बाबा."

त्याने हेडफोनची केबल काढून पुन्हा खोचली. मग म्हणाला, "खलास, असू दे. केबलचा आवाज असेल." त्यानंतर आम्ही अकरा थांबे रेकॉर्ड केले. संध्याकाळी मी घरी आले आणि ते पान विसरूनही गेले.

आमची शुभ्रा तेव्हा इंग्लंडमध्ये शिकायला होती. पहिलंच वर्ष. एल्डरवेल तिच्या कॉलेजपासून दोन तासांवर. नोव्हेंबरात मराठी गाइड सुरू झाला आणि तिने जाहीर केलं, "मम्मा, आय विल बी युवर फर्स्ट कस्टमर!" एका शनिवारी ती एकटीच बसने गेली. दिवसभर फोटो येत होते. पुलाचा, भट्टीचा, गुत्त्याच्या दारात वाकून काढलेला. प्रत्येक फोटोखाली एक हृदय. मी सुजीतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एकेक दाखवत होते. परदेशात एकटी पडलेली पोरगी माझा आवाज कानात घेऊन हिंडतेय, याचं मला फार कौतुक वाटत होतं.

इथे पावणेआठ झाले होते. तिकडे पावणेचार, म्हणजे थंडीतली तिन्हीसांज. मी कणीक मळत होते, तेवढ्यात तिचा फोन आला. हात पिठाचे, म्हणून स्पीकरवर टाकला.

"मम्मा, द लास्ट वन इज माय फेव्हरिट. चर्चच्या मागचा. यू साउंड सो डिफरंट इन इट."

"पुलाचा म्हणतेस का? शेवटचा पूल आहे."

"नो, पूल वॉज इलेव्हन. हा ट्वेल्व्ह. झाडांतून खाली जाणारी वाट. तू किती गोड बोलतेस त्यात... 'ये गो बाय, हळू ये. शेवाळ हाय, पाय जपून टाक.'"

माझे हात कणकेतच थांबले. आमच्या घरात 'गो' कुणी म्हणत नाही. मी जन्मात म्हटलेलं नाही.

"शुभ्रा, बारावा थांबा नाहीये. कुठे आहेस तू?"

"बाय द वॉटर. इट्स ऑल फॉग... छान वास येतोय. खोबरेल तेलासारखा."

"ते इयरफोन काढ आधी."

"काढलेत ना. कधीच."

"मग गाइड बंद कर!"

"बंदच आहे, मम्मा." तिच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि त्याच्यामागे संथ, चुबुक चुबुक असं पाणी. "तू... समोरून बोलतेयस."

मी ओरडले, "मागे फिर! शुभ्रा, मागे फिर!"

आणि फोनमधून, तिच्या पलीकडून, धुक्यातून, माझाच आवाज आला. तसाच घाबरलेला, तशाच काकुळतीचा. "शुभ्रा, पुढे ये! मागे कुणीतरी आहे, पुढे ये!"

ऐकलं मी ते. या दोन कानांनी.

"मम्मा," शुभ्रा रडायला लागली, "विच वन इज यू?"

मी काय सांगणार? तिचं लाडाचं नाव घेतलं, तर ते नाव पाण्यावरूनही आलं. लहानपणी तिला झोपवताना गुणगुणायचे तो सूर धरला, तर पलीकडून तोच सूर माझ्याआधी पुढे सरकला. मी जे जे आई म्हणून बोलत होते, ते ते तिकडेही होतं. पाण्याचा आवाज बदलला. आता त्यात पावलं पडत होती.

सुजीत धावत आला. स्पीकरवरचे दोन्ही आवाज त्याने ऐकले होते. त्याने माझ्या तोंडावर हात दाबला आणि फोन उचलला.

"शुभ्रा, बाबा बोलतोय. आईचं ऐकू नको. कुठल्याच आईचं ऐकू नको. फक्त माझं ऐक. पाठ फिरव आणि चाल. मोठ्याने आकडे म्हण, मला ऐकू येऊ देत."

एक. दोन. तीन. तिचे दात वाजत होते. तीसपर्यंत माझा आवाज तिच्यामागून हाका मारत होता. आधी लाडाने, मग रागाने. चाळीसच्या सुमारास तो रडायला लागला. मी हे कसं सांगू... तो रडत होता तेव्हा मलाही हुंदका फुटत होता, आणि दोन्ही एकाच वेळी थांबत होते. नव्वदला माणसांचं बोलणं, भांड्यांचा आवाज ऐकू आला. ती गुत्त्यात शिरली होती. तिथल्या बाईने तिला शेकोटीजवळ बसवलं. गुडघ्याच्या वरपर्यंत कपडे ओले होते.

दुसऱ्याच दिवशी मोईनने मराठी गाइड काढून टाकला. त्याच्याकडे फायली अकराच होत्या. मी त्याला लेव्हलच्या वेळचं रेकॉर्डिंग मागितलं. माझ्या प्रश्नानंतर काय आहे, ते मला ऐकायचं होतं.

"मी ऐकलं, ताई," तो म्हणाला. चेहरा उतरला होता. "आणि पुसलं. तुम्ही नाव विचारलं होतंत ना? पुन्हा कधी कुणाला विचारू नका."

"काय सांगितलं तिने?"

त्याने मान हलवली. "तुमचं नाव सांगितलं."

शुभ्रा नाताळात घरी आली. तब्येतीने बरी आहे. पण माझ्याशी बोलत नाही. रागावलेली नाही हो, जेवायला जवळ बसते, हात धरते. मी तोंड उघडलं की मात्र तिचा रंग उडतो. तिकडून फोन करते तो बाबांना. मला मेसेज लिहिते, आणि मी लिहून उत्तर देते. एकोणीस वर्षं जिला हाका मारल्या, तिला आता मी हाक मारत नाही.

इथवर असतं तरी मी निभावून नेलं असतं. गेल्या गुरुवारी मोईनने मला आदल्या दिवशी आलेली एक ईमेल पुढे पाठवली. शारजातल्या कुणा काव्याची होती. त्यांनी गाइड पहिल्याच आठवड्यात फोनवर उतरवून ठेवला होता आणि आता सुट्टीत एल्डरवेलला गेले होते. लिहिलं होतं, "तुमच्या निवेदिकेचे आभार कळवा. आमचा देवांश चार वर्षांचा आहे, अनोळखी माणसाकडे अजिबात जात नाही. पण तळ्यापाशी तो इतका रमला की उचलून आणावा लागला. उद्या पुन्हा नेणार आहोत."

ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर मी लगेच फोन लावला. लागला. काव्यानेच उचलला. आणि मी काही बोलायच्या आत ती हसून म्हणाली, "अहो, आत्ताच तर बोललो ना आपण! हो, निघालोय आम्ही, पोचतोच पाच मिनिटांत." फोन बंद झाला. त्यानंतर उचलला गेलेला नाही.

ईमेलसोबत एक फोटो होता. धुकं, काळं पाणी, काठावर लाल कोटातला छोटा मुलगा, पाठमोरा. जवळपास कुणी नाही. त्याचा उजवा हात वर उचललेला आहे आणि मूठ मिटलेली, लहान मुलं मोठ्या माणसाचं बोट धरतात ना, तशी.