दुसरं बटण

एक विचारू का? रोज सांभाळणाऱ्यानेच एके दिवशी चुकून तुमचा हात धरून ठेवला, तर भरवसा कोणावर ठेवाल? त्याच्यावर, की स्वतःच्या हातावर? घाई नको. आधी ऐका.

त्या मालविमानात एका दिवसाची चार हजार कोंबडीची पिल्लं होती. पिल्लं माझी, म्हणून ही हकिगत मला कप्तानाच्याच तोंडून ठाऊक. कप्तान होती ताई, त्या खुर्चीत बसून तिला जेमतेम सहा महिने झालेले. शेजारी सहवैमानिक काका, तिच्या दुप्पट वयाचे. सकाळचे दहा. बाहेर ढग असे, की जणू काचेला कुणी चुना फासलाय.

"तुझे प्रवासी फार बडबडतात," काका म्हणाले. दाराआडून अखंड चिवचिव येत होती.

"फुकटे आहेत ना, म्हणून."

विमान नव्या पद्धतीचं. दांडा वैमानिकाने ओढायचा, पण पंखांना हुकूम देणार संगणक. वैमानिकाचं म्हणणं त्याला धोक्याचं वाटलं, तर तो सरळ कानाआड करतो. त्याने जीवही पुष्कळ वाचवलेत.

अचानक चिवचिव थांबली. चार हजार गळे, एका क्षणात.

आणि विमानाने नाक खाली घातलं.

ताईने दांडा पोटाशी ओढला. काही नाही. उंचीचे आकडे भराभर उतरू लागले.

"काका, तुम्ही काही..."

"माझे हात मांडीवर आहेत, बाई..."

नाक किती वर आहे हे ओळखायला विमानाबाहेर तीन काटे असतात. आदल्या दिवशी विमान धुताना दोघांत पाणी शिरलं होतं. ते उंचावरच्या थंडीत गोठलं. दोघं मिळून एकच खोटं सांगत होते, नाक फार वर आहे म्हणून. खरं बोलणारा तिसरा दोनाविरुद्ध एक असा मतांत हरला, आणि संगणक विमानाला खाली दाबत राहिला. ताईला यातलं काही कळलं नव्हतं. तिला फक्त पेपरमिंटचा वास आला.

तिला विमान शिकवणारे मास्तर पेपरमिंट चघळायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. कुठलंही बटण दाबण्याआधी ते त्यावर पेन्सिलीने दोनदा वाजवायचे. "हात कुठे घालतेस ते आधी बघ. मग घाल."

टक टक.

आवाज डोक्यावरून आला. तिथे तीन बटणं, तीन काट्यांची. त्यांतली दोन बंद केली की मतमोजणीच मोडते आणि विमान थेट हाताचं ऐकतं. मग मात्र चुकलं तर सावरणारं कोणी नाही.

"काका, दांडा दोन्ही हातांनी धरा. मी संगणकाची राखण काढून घेतेय..."

"धरलाय... घे."

पहिलं बटण तिने दाबलं. दुसऱ्याकडे बोट नेलं.

ते आधीच बंद होतं.

"आलं हाताला..." काका पुटपुटले.

"हळू, काका. अगदी हळू..."

नाक वर आलं. ढग विरले, खाली उन्हात नदी दिसली. मागे एक पिल्लू चिवचिवलं. मग सगळीच.

विमानतळावर इंजिनियरने यंत्रातली आवाजाची आणि बटणांची नोंद तपासली. "टकटक कसली? आणि दुसरं बटण तुम्ही पहिलं दाबण्याच्या दोन सेकंद आधीच बंद झालंय. कोणी केलं?"

"लिही ना तुझंच नाव," काका कुजबुजले. "कशाला चौकशा?"

ताईने विमानाच्या वहीत पहिल्या बटणापुढे आपलं नाव लिहिलं. दुसऱ्यापुढचा रकाना कोरा सोडला. काटे दुरुस्त झाल्यावर तिन्ही बटणं तिनेच चालू केली, आणि त्याच विमानाने परतली. आजही तेच चालवते.

फक्त एक राहिलं. काटे दुरुस्त होईपर्यंत वही कपाटात कुलपात होती. ती काढली तेव्हा त्या कोऱ्या रकान्यात पेन्सिलीचे दोन ठिपके होते.

तेव्हा वही कसलीही ठेवा, पण तुमच्या हातून झालं तेवढंच तुमच्या नावावर मांडा. उरलेली जागा कोरी राहू द्या.